सूज उतरली

३ तारीख, सकाळी ७
धाकटी जाऊ लेकीच्या बाळंतपणाला गेली. पंधरा दिवस तिची भुरी माझ्या गोठ्यात. धाकटे दीर गेल्यापासून तिचं घर या एका गाईवर चालतं, त्यामुळे जाताना जीव अडकलेला. चारदा बजावलं: ताई, धार काढण्याआधी पहिल्या चिळकांड्या काळ्या ताटलीत बघत जा, गुठळी असली तर दिसते. मी झूऑलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा ही पाढे म्हणत होती. ऐकून घेतलं.

६ तारीख
भुरीच्या मागच्या उजव्या सडाला सूज. कास तापलेली, हात लावू देत नाही. दुधात गुठळ्या. ताप १०५. डॉक्टर आले. कासदाह. दुधाचा नमुना तपासायला नेला. सडात सोडायच्या अँटिबायोटिकच्या सहा ट्यूब दिल्या, रोज दोन. पहिली स्वतः घातली. वर सूज आणि वेदनेसाठी इंजेक्शन टोचलं, दोन डोस माझ्यापाशी ठेवले. बूट घालता घालता म्हणाले, बाई, इंजेक्शनने तिला आराम पडेल, जंतू मात्र ट्यूबनेच मरतील. एकावर भागवू नका.
मला शिकवतात.
संकल्प: जाऊ येईपर्यंत गाय ठणठणीत. तिला कळवायचं नाही. उगाच लेकीपाशी डोळे गाळत बसेल.

७ तारीख, दुपार
ताप १०१.५. सूज निम्मी. भुरी चाऱ्यासाठी हंबरते आहे! निष्कर्ष: रोगाचं मूळ सूज होती.
सकाळी ट्यूब घालताना लाथ बसली. गुडघ्यावर. संध्याकाळची ट्यूब राहिली.

८ तारीख
दुसरा डोस टोचला. ट्यूब बंद. जगभर अँटिबायोटिकचा अतिरेक चालला आहे, कुणीतरी थांबवायला हवं. शिवाय गुडघा.
हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, डॉक्टरांना विचार तरी. गाईचं तोंड कुठल्या बाजूला ते शिंगं बघून ओळखणारा माणूस!
डॉक्टरांचाच फोन आला. ट्यूब संपल्या का? गाय उत्तम आहे, म्हटलं. यात खोटं काय?

१० तारीख
ताप परत. हवा बदलली आहे. तिसरा डोस. दोन तासांत खायला लागली. मी म्हणत होते तेच खरं.
काळी ताटली धुऊन फळीवर ठेवली. गाय बरी दिसते आहे, तर चिळकांड्या निरखायच्या कशाला.

१२ तारीख
पुन्हा ताप. त्याच इंजेक्शनसाठी औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, काकू, चिठ्ठी लागते. चष्म्यावरून नुसतं पाहिलं. दिलं मुकाट्यानं.

१३ तारीख
ताप नाही, सूज नाही. त्या सडाला दूध कमी. विश्रांती घेत असणार.
जाऊचा फोन. नात झाली. नातीचं वजन सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, भुरी खाते ना? मजेत आहे म्हटलं. म्हणाली, तुमच्याकडे आहे म्हणून घोर नाही हो ताई.
बरं वाटलं.

१६ तारीख
डॉक्टर न बोलावता आले. म्हणे रिपोर्ट आला, जंतू चिवट आहेत. सड पिळला. पिवळं पाणी. आत लिंबाएवढी टणक गाठ. ट्यूबचा खोका उघडला. चार शिल्लक.  हात धूत राहिले, बराच वेळ.
मग म्हणाले, हा सड गेला. आता यातून दूध नाही. बाकीचे तीन वाचतात का बघू.
मी म्हटलं, इंजेक्शनच कुचकामी निघालं. ते म्हणाले, इंजेक्शननं आपलं काम चोख केलं, बाई.
टॉवेल मीच दिला त्यांना. शिष्टाचार सोडू नये.

१८ तारीख, सकाळी ९
जाऊ आली. पिशवी खाली न ठेवता थेट गोठ्यात. खाली बसून कासेवरून हात फिरवला. गाठीपाशी थांबला. मी पूर्ण शास्त्रीय खुलासा तयार ठेवला होता: प्रतिकारशक्ती, हवामान, जातीचा दोष. पहिलं वाक्य झालं असेल.
मध्येच तिनं विचारलं, दुखत होतं का हो तिला?
म्हटलं, एक दिवसही दुखू दिलं नाही.
म्हणाली, म्हणून ओरडली नाही होय ती.
दावं सोडलं आणि गाय घेऊन गेली. माझ्याकडे पाहिलं नाही. पण भुरी ओढाळ आहे, लक्ष तिच्याकडेच ठेवावं लागतं.