लुलाश भाऊजींचे पाहुणे

लुलाश भाऊजी,

तिरानात तुम्ही सगळे सुखरूप असाल.

परवा तुमचं नाव सांगत दोन माणसं आली. मी त्यांना पर्यटकांना भाड्यानं देतो त्यातली नदीकडची चांगली खोली दिली, पेलाभर राकी दिली, मक्याची भाकरी आणि चीज वाढलं. सकाळी पाहते तर ते टेप धरून स्वयंपाकघराची भिंत मोजत होते.

"काय मोजताय?" मी विचारलं.

"ही पाडायची ना, ताई. इथं मोठं हॉटेल होणार. मालकांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"मालक कोण?"

त्यातला थोरला हळूच म्हणाला, "लुलाश."

त्यांना तेव्हाच हाकलावंसं वाटलं. पण आपल्या डोंगरात, घरात जेवलेल्या माणसाला कोण हाकलतं? मी त्यांच्यासाठी कॉफी ठेवली आणि चुलीकडे तोंड करून रडले.

तुमचा भाऊ गेला तेव्हा थडग्यापाशी तुम्हीच म्हणाला होतात, "द्रांदे, घर तुझंच आहे." त्या वेळी कागद कसा मागणार? आता वेरा विचारते, "आई, आपण कुठं जायचं?" मी पोरीवरच ओरडले.

हे पत्र टपालात टाकणार नाही. सतरा उन्हाळे ज्या घरात राबले, त्याचीच दिराकडे भीक मागवत नाही.

आज पोलंडचं ते म्हातारं जोडपं निघालं, दरवर्षी येणारं. आजीबाई गळ्यात पडून म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात हीच खोली ठेव गं आमच्यासाठी."

मी हो म्हटलं. भाऊजी, कुणाच्या घरात हो म्हटलं मी?

तुमची भावजय,
द्रांदे