दार घेऊन शाळेत

पानाएवा, हिलो
रविवार, जेवण झाल्यावर

प्रिय हौनानीताई,

तुला धाकट्या कावेलोचा, तुझ्या भावजयीचा आणि अंगणातल्या समस्त कोंबड्यांचा मनापासून आलोहा. गुडघा कसा आहे? लास व्हेगासच्या कोरड्या हवेत सांधे दुखत नाहीत असं तू म्हणतेस, मग दर फोनला गुडघ्याचाच विषय का निघतो ते मला कळत नाही. पण थोरल्या बहिणीला उलट विचारू नये. आम्ही मजेत आहोत. पाऊस चालू आहे (हिलोच्या पत्रात हे लिहायची गरज नसते, तरी लिहितो).

विशेष कळवायचं म्हणजे आमच्या घराला सध्या दार नाही. म्हणजे आहे, पण ते व्हरांड्यात भिंतीला टेकून उभं आहे. ते तिथे कसं गेलं हे मीच सांगितलेलं बरं, नाहीतर तुझी भावजय रोवेना तुला फोन करून तिच्या पद्धतीनं सांगेल आणि त्यात मी खुळा ठरेन.

आमची नात लिहाउ आपल्या बेटांच्या जुन्या भाषेच्या शाळेत दुसरीला आहे. तिथे वर्षातून एकदा आजी-आजोबांचा दिवस असतो. प्रत्येक आजोबांनी नातवंडाला शेजारी घेऊन आपल्या घराबद्दल आपल्या भाषेत चार शब्द बोलायचे. गेल्या वर्षी मी दोन ताटं जेवलो आणि हसत बसलो. नंतर कळलं की पोरीनं बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, माझे आजोबा फार लाजाळू आहेत. (मी! तीस वर्षं रस्ता खात्यात रोलर चालवत अर्ध्या बेटाशी भांडलेला माणूस!) पण मला सांभाळून घ्यायला सात वर्षांच्या पोरीला खोटं बोलावं लागलं, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. यंदा मी बोलणार, असा शब्द मी तिला देऊन बसलो.

आता तुला ठाऊकच आहे की तो द्यायला माझ्याकडे शब्दच नव्हते. तू थोरली, म्हणून रीतीप्रमाणे आपल्या आजीनं, तूतूनं, तुला वाढवायला मागून घेतलं, आणि तिच्याकडे तू पोईच्या वाडग्याबरोबर भाषाही चाटूनपुसून खाल्लीस. मी राहिलो आईबाबांकडे, आणि बाबांचा हुकूम होता की घरात इंग्रजीच बोलायची. पोरांचं भलं व्हावं म्हणूनच केलं त्यांनी, पण मी कोराच राहिलो.

लिहाउनं माझी शिकवणी घेतली. चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि घरभर चिकटवायला घेतल्या. खुर्चीवर नोहो, टेबलावर पाकाउकाउ, दिव्यावर कुकुई, उशीवर उलुना. आणि कायदा केला, की चिठ्ठीकडे न बघता नाव घेतल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही. फ्रिजचं नाव मला तीन दिवस येईना, म्हणून तीन दिवस काळी कॉफी प्यायलो. खुर्चीचं येईना म्हणून उभ्यानं जेवलो. रोवेनाला सगळं एका दिवसात आलं, आणि ती नोहोवर ऐसपैस बसून माझ्याकडे बघत दूध घातलेली कॉफी पीत होती. (लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, ताई, पण हा स्वभाव मला नवीन होता.) शेजारचा मासाओ शिडी मागायला आला, त्यालाही लिहाउनं उंबऱ्यावर अडवलं. तो पठ्ठ्या दाराला पुका म्हणून सरळ आत आला. त्याची नातवंडं त्याच शाळेत आहेत.

महिन्याभरात मला एकोणचाळीस नावं पाठ झाली. मी छाती काढून फिरू लागलो. आणि समारंभाच्या दोन दिवस आधी लिहाउनं मला अंगणात उभं करून परीक्षा घेतली, तर एक अक्षर आठवेना. वस्तू तिच्या जागेवर समोर असली की नाव येतं, नसली की डोकं रिकामं. पोरीनं माझा हात थोपटला.

"असू दे, आजोबा," ती म्हणाली. "मी सांगेन, तुमचा घसा बसलाय."

दुसरं खोटं. मी शुक्रवारी सकाळी स्क्रूड्रायव्हर काढला.

ट्रकमध्ये खुर्ची, टेबल, दिवा, उशी, पातेलं असं सगळं, फ्रिजसकट, चढवलं. दारही उतरवलं, कारण माझ्या डोक्यात सगळं दारापासूनच सुरू होतं. रोवेना म्हणाली, घरच का नेत नाहीस? मी म्हटलं, ट्रकमध्ये मावत नाही. शाळेच्या मांडवात सगळं घरच्यासारखं मांडलं आणि मासाओला दार उभं धरायला लावलं. माझी पाळी आली तेव्हा बाकीचे आजोबा माना वळवून बघत होते. मी दारावर टकटक केली, पुका म्हटलं, आत आलो, आणि मग थांबलोच नाही. नोहो म्हणून बसलो, उठलो, दिवा लावला, उशी बगलेत मारली, एकोणचाळीसच्या एकोणचाळीस नावं म्हटली. मग पोरांनी दारातून आत यायला रांग लावली. बाईसुद्धा आल्या. मासाओचे हात भरून आले तरी कोणी त्याला सोडेना. लिहाउ माझा शर्ट धरून उभी होती. शेवटी तिनं आपल्या भाषेत सगळ्यांना सांगितलं, "हे माझे आजोबा. आता लाजत नाहीत." तेवढं मला समजलं, ताई, आणि मी उशीत तोंड लपवलं.

असो. गुडघ्याला तेल लाव आणि जुगाराच्या यंत्रांपुढे फार वेळ बसू नकोस.

तुझा,
(माजी) लाजाळू भाऊ कावेलो

ता. क. दार अजून लावलेलं नाही. कोंबड्या नाव न घेता आत येतात. लिहाउनं त्यांना माफी दिली आहे.

ता. क. चाळिसावी चिठ्ठी राहिली. तिच्यावर कापा कुइकी लिहिलंय, म्हणजे गोधडी; शब्द तिला शाळेत शिकवलेला. आपल्या घरात ती म्हणजे तूतूच्या हातची हिरवी गोधडी, नीरफणसाच्या पानांच्या नक्षीची. पोरगी चिठ्ठी हातात घेऊन पलंगापाशी उभी राहिली आणि गोधडी कुठंय म्हणाली. तूतूला माती देऊन आल्यावर तू ती न्यायला निघालीस, तेव्हा मी म्हटलं होतं, ने, जुनं चिरगूट मला काय करायचंय. ते खोटं होतं. मी अकरा वर्षं रागावलोय, म्हणूनच आपण फोनवर गुडघ्यापलीकडे जात नाही. तूतूनं वाढवलं तुला, गोधडी तुझीच. पण लिहाउला एकदा बघू दे. चिठ्ठी सोबत पाठवतोय.

ता. क. पोस्टानं पाठवू नकोस. तूतूची गोधडी परक्याच्या हाती देत नाहीत. घेऊनच ये.

ता. क. लिहाउनं एक चिठ्ठी जास्तीची लिहिली आणि मला न विचारता स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या खुर्चीवर, नोहोच्या जागी चिकटवली. तिच्यावर तुझं नाव आहे. कायदा तोच. कॉफीला ती खुर्ची जवळ पडते, त्यामुळे दिवसातून पाच वेळा हौनानी म्हणून मगच बसावं लागतं, आणि असं म्हणून म्हणून माझा राग काही टिकेना. ये, आणि तुझ्या खुर्चीवर तू बस.