तिसरी उशी

मंगळवार, संध्याकाळ, करी रोड

आज डॉक्टरबाईंनी विचारलं, "लहानपणी सांधे सुजायचे का? हृदयाचा काही त्रास?" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मी नाही म्हटलं. का म्हटलं? लग्नाआधी आईने बजावलेलं, सासरी लहानपणच्या सांधेतापाने बिघडलेल्या हृदयाच्या व्हॉल्व्हचं बोलू नकोस. तो ताप परत येऊ नये म्हणून घ्यायचं दर तीन आठवड्यांचं इंजेक्शनही तेव्हाच सुटलं.

आता सहावा महिना. आडवं झालं की धाप लागते. सासूबाई म्हणतात, "ह्या दिवसांत दम लागतोच गो." दोन उशा पुरेनात, म्हणून सुहासची तिसरी घेतली. तो मस्कतला. फोनवर म्हणाला, "झोप लागते ना गं?" लागते म्हटलं. त्यालाही खोटंच.

तिन्ही उशांना टेकून लिहितेय. उद्या एकटीच जाऊन डॉक्टरबाईंना सगळं सांगणार. आईला विचारणार नाही.