कोरा ओरखडा

१० फेब्रुवारी १९३८, अमळनेर
स्टेशनवरून टांग्याने आलो. खोली मनासारखी मिळाली. उत्तरेची खिडकी, सूक्ष्मदर्शकाला पुरेसा उजेड. घरमालकीण वच्छलाबाई, त्यांची लहानगी कुंदा आणि सासरे नथ्थू आबा. डाक्टर असून औषध देत नाही, मग खातो काय, असं आबांनी विचारलं आणि हसता हसता खोकत राहिले. मी सांगितलं, गोवराचा विषाणू शरीराच्या पहाऱ्याचं काय करतो ते मला पाहायचं आहे.

१४ फेब्रुवारी
गल्लीतल्या मुलांच्या हातांवर ओरखडा काढून क्षयाच्या जंतूंचा अर्क लावला होता. ज्याच्या शरीराला क्षय ठाऊक असतो त्याचा ओरखडा लाल होतो. कुंदाचा झाला. माझाही. वडील क्षयाने गेले. तेव्हापासून तो माझ्यात कोंडलेला आहे. लाली म्हणजे पहारेकरी जागा.

४ मार्च
कुंदाला गोवर. दाराला कडुनिंब, घरात फोडणी बंद. आजाऱ्याला इथे एकटं ठेवत नाहीत. ज्याला गोवर येऊन गेला तो उशाशी बसतो आणि निंबाच्या पाण्याची अंघोळ होईपर्यंत उठत नाही. आबा बसले.

७ मार्च
वच्छलाबाईंना विनवून कुंदाला नवा ओरखडा काढला होता. कोरा. गोवर पहारेकऱ्याला झोपवतो, असं पुस्तकात वाचलं होतं. आबांच्या थुंकायच्या राखेच्या डबड्यात रक्त दिसलं. क्षयच. त्यांना उठवा म्हणालो. वच्छलाबाई म्हणाल्या, बसलेला उठवला तर देवी पोरीला घेऊन जाईल. त्यांनी दार लावून घेतलं.

१७ मार्च
कुंदाची अंघोळ झाली. पुरळ गेलं, ताप राहिला. खोकते.
मला आईने लहानपणी गोवराच्या घरात कधी जाऊ दिलं नाही, गोवर आलाच नाही. डोळे जळताहेत.

१९ मार्च
अंगभर पुरळ. स्वतःला ओरखडा काढला.

२१ मार्च
कोरा. छातीत डावीकडे टोचतं. जे कोंडलं होतं ते —
खिडकीला गोणपाट लावलंय. आवाज बसला. आबा नकोत म्हणालो, ऐकू गेलं नसावं. वच्छलाबाई मायेने म्हणाल्या, "एकलं कसं सोडूत, डाक्टरभाऊ? आबा बठेल शे ना तुमनाजोडे." आबा उशाशी येऊन बसलेत.

तारीख कळत नाही
अंधार. आबा कपाळ पुसतात. वाकले की खोकतात. श्वास धरून ठेवतो, जमेल तितका —
पुन्हा वाकले. आता श्वास —