सावंतचा पेरू

रविवार, संध्याकाळ. आलमबाग.

ऑफिसातल्या सावंतकडे चहाला जाऊन आलो, तेव्हापासून जळतोय. हो, जळतोय, इथे तरी खरं लिहावं.

त्याचं विकास नगरचं ते घर आधी आम्ही पाहिलं होतं. अंगणात पेरूचं झाड. आमची चार वर्षांची मुक्ता खालच्या फांदीवर बसली ती उतरेचना. मीच म्हणालो, शहराच्या दुसऱ्या टोकाला अमौसीला ड्यूटी, एवढ्या लांबून रोज कोण जाणार? आणि मेट्रोजवळ हा फ्लॅट घेतला. घरमालकाचा नंबर सावंतला दिला कोणी? मीच! तोही रोज अमौसीलाच येतो. माझ्या आधी पोचतो.

आज त्याच फांदीला झोका होता. त्याची मुलगी झुलत होती, शेजारच्या आंटी भिंतीवरून तिच्याशी गप्पा मारत होत्या. आमच्या शेजारी कोण राहतं, मला अजून माहीत नाही.

निघताना सावंतने पिशवीभर पेरू दिले. "तुझ्यामुळे मिळालं रे हे घर." किती मनापासून म्हणाला, लेकाचा!

परतताना रिक्षात मुक्ताने विचारलं, "पापा, वो लोग हमारे घर में क्यों रहते हैं?" बायको, अनघा, माझ्याकडे न बघता बाहेर बघत राहिली.

पेरू अजून कापले नाहीत. गोड निघाले तर?