पाचवं शील

आई,

परवा मी तुझ्या कारखान्यात जेवले. बिअर बनायची बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता त्या दगडी इमारतींत कपड्यांची दुकानं आहेत, आवारात टेबलं मांडून लोक मोठमोठ्यानं बोलत जेवतात. तांब्याचा तो प्रचंड हंडा घासूनपुसून दारात ठेवलाय, त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढून घेतात. तुझ्या बाटल्या धुण्याच्या खोलीत तांबडा-पांढरा रस्सा मिळतो. सातूचा आंबूस वास कुठंच उरला नाही.

तू तिथं कामाला होतीस त्या वर्षांतला कुठलाही रविवार. विहारात सगळे हात जोडून पंचशील म्हणतायत. चौथं, खोटं न बोलण्याचं, तू खणखणीत म्हणतेस. पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं, आलं की तुझे ओठ मिटतात. मी शेजारी, मान खाली घालून. बाहेर चपला शोधताना शेजारच्या काकी म्हणतात, "काय गं, लेक लग्नाला आली आन् तू पाचव्याला गप? लोक म्हणतील, बाई घेतीया!" तू हसतेस. "घेत न्हाय. पण घेणाऱ्यांच्या बाटल्या कोण धुतंय? खोटं बोलणार न्हाय म्हणायचं आन् लगेच बोलायचं व्हय?" घरी आल्यावर मी चिडले, नुसते ओठ तरी हलव म्हणाले. सोड्यानं सोललेल्या बोटांना खोबरेल लावत तू म्हणालीस, "लाज वाटती तर मागं बस." पुढच्या रविवारी मी खरंच मागं बसले. तू वळून पाहिलं नाहीस. दुपारी मात्र पहिली भाकरी मला वाढलीस, वर लोण्याचा गोळा.

कारखान्याला टाळं लागलं त्या आठवड्यात तू पाचही शीलं म्हणालीस, इतक्या मोठ्यानं की काकी दचकल्या. नंतर दोनच वर्षं होतीस.

परवा जेवताना माझ्या मुलीनं विचारलं, "आजी इथं काय करायची?" तिनं तुला पाहिलेलं नाही. मी म्हणाले, ऑफिसात होती. ती इतकी खूश झाली की वाढायला आलेल्या माणसाला तिनं सांगून टाकलं, "माझी आजी इथं साहेब होती!" तो म्हणाला, "व्हय? मग पांढरा घ्या की अजून!" मी वाटी पुढं केली.

काल रविवार होता. मी विहारात गेले नाही. काकींना सांगितलं, अंग दुखतंय.