बाटलीतला डाग

३ सप्टेंबर
आले एकदाची. आत्यानं मागची खोली झाडून टेबलावर नवा दिवा ठेवलाय. वसतिगृहाचं नाव काढलंस तर कान पिळीन, असं तिनं दारातच बजावलं. मेडिकल इमेजिंगच्या अभ्यासक्रमात काय शिकवतात हे तिला तीनदा समजावलं. शेजारणीला तिनं सांगितलं की भाची लोकांच्या डोक्यात डोकावायला शिकतेय. मी आता इंजिनीअरीणबाई.

११ सप्टेंबर
एमआरआयची लॅब तळमजल्यावर आहे. तिथल्या तंत्रज्ञांना सगळे चुंबकमामा म्हणतात. हेअरपिन, किल्ल्या, पट्टा काढल्याशिवाय ते कुणाला आत पाऊल टाकू देत नाहीत. रोज सकाळी आधी पाण्याची सीलबंद बाटली यंत्रात ठेवून तिचं चित्र काढतात. पाण्यात दिसण्यासारखं काही नसतं, त्यामुळे काही दिसलंच तर दोष यंत्राचा. शिकवणाऱ्या मॅडमनी एकच नियम घातलाय. माणसाच्या चित्रात वेगळं काही दिसलं तर आपली अक्कल चालवायची नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

२४ सप्टेंबर
सरावासाठी आत्या हौसेनं यंत्रात झोपली. कानठळ्या बसतील अशी ठकठक, तरी अर्धा तास जराही हलली नाही. बाहेर आल्यावर विचारते, मेंदू सापडला का.

२६ सप्टेंबर
आत्याच्या चित्रांतली खरखर, म्हणजे यंत्रामुळे उमटणारे नको ते ठिपके, काढून चित्रं उद्या द्यायचीत. आत्याच्या कपाळामागे डावीकडे टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा डाग आहे. तिन्ही चित्रांत, त्याच जागी. दाखवला तर चित्रं डॉक्टरांकडे अडकणार आणि माझं काम रखडणार. खरखरच असेल, असं मनाला पटवलं आणि पुसला. मूळ फाइलवरच सेव्ह केलं.

३० सप्टेंबर
वर्गात पहिली आले. आत्यानं शेजारच्या चार घरी सांगितलं. मी ताट अर्धवट ठेवून उठले.

५ ऑक्टोबर
बाटलीच्या चित्रात डाग. वर, डावीकडे. मामांनी बाटली बदलली, यंत्र पुन्हा लावून पाहिलं. डाग तिथेच. पाण्याला काय रोग झालाय म्हणाले. मी मान खाली घातली. मी तो ओळखला होता.

१२ ऑक्टोबर
डाग दुप्पट. आत्याला चष्मा हा शब्द आठवेना. ते डोळ्यांचं दे, म्हणाली आणि हसली. मीही हसले. सांगणारच होते, पण तिनं माझ्या कपड्यांना इस्त्री करून ठेवली होती — उद्या सांगेन.

१५ ऑक्टोबर
बाटलीत आता डागाभोवती कपाळ. नाक. हनुवटीवरची तिची ती खळी. मामांनी यंत्र बंद केलं. भीतीपेक्षा लाज जास्त वाटतेय. उद्या नक्की —

सकाळी बाटली स्वच्छ. मामा खूश. मी धावत घरी.
आत्याला सगळं सांगितलं. डाग, पुसणं, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं आणि अदबीनं विचारलं, आपण कोण. मग जमिनीवर आडवी झाली. हात सरळ. हलत नाही. श्वास चालू आहे. तिच्या डोक्यातून ठकठक येतेय —
अ‍ॅम्ब्युलन्स बोलावलीय. डॉक्टरांसाठी लिहून ठेवतेय. या वेळी काही लपवणार नाही.
पानावर वर, डावीकडे तारीख लिहिली होती. तिथे पांढरा डाग. शाईचं पेन आहे हे, पुसलं जात नाही. डाग खाली सरकतोय, तिच्या नावाकडे — मी पुसत नाहीये. आत्या, मी काहीच पुस—